कणसातले वाटेकरी

आमच्या दुसरबीडची झुंबरबाई चिडली की भांडत नाही, ज्वारी पेरते. अवघं शिवार हरभऱ्याकडं वळलं, घरच्यांनीही तोच हट्ट धरला, तर हिनं विहिरीजवळच्या तुकड्यात हुरड्याची ज्वारी टाकली.

यंदा कारणही होतं. लेक काजल पहिलटकरीण. सासरहून तिचा फोन आला, "माय, मले हुरडाच खावासा वाटते. आपल्या घरचा." झालं, झुंबरबाईला आभाळ ठेंगणं झालं.

दाण्यांत दूध भरू लागताच तिनं पाखरांच्या धाकानं कणसांना जुन्या लुगड्याच्या पिशव्या बांधल्या. काही दिवसांनी एक सोडून पाहते तर आत बारक्या तांबूस पिलांची नुसती वळवळ! दाणे चोखून पार पोचट. हा कणसातला ढेकूण. शिवारात ज्वारी तेवढी हिचीच, मग तो तरी जाणार कुठं? पाखरं बाहेर राहिली आणि चोर आत कोंडले गेले.

झुंबरबाई मटकन बांधावर बसली. रडली, शिव्याही दिल्या. पण हटणारी बाई नव्हे. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच पुन्हा शेतात हजर. पानातून नुकत्याच डोकावणाऱ्या कणसावर याच ढेकणाची एक हिरवट, लांबोडकी मादी बसली होती आणि पोटाखालची सुई कोवळ्या फुलांत खुपसून अंडी घालत होती. म्हणजे पिशव्या बांधल्या तेव्हा आत अंडी होतीच! झुंबरबाईला हसू फुटलं. "तुलेबी डोहाळे लागले का वं?" म्हणत तिनं मादीला टिचकीनं उडवलं.

उशिरा फुटलेल्या ताटांची कणसं अजून पानांच्या पोटात होती. ती डोकावायच्या आत झाकायला हवीत, हे तिला कळलं. पण लुगडं संपलेलं.

तिचा नवरा पुंजाजी ओरडला, "माहं धोतर काऊन फाडलं?"

"नातवंडासाठी."

पुंजाजीनं दुसरं धोतर आणून दिलं.

काजल आली. झुंबरबाईनं धोतराच्या पिशव्यांतली कणसं आगटीत भाजली, हातावर चोळली. हुरडा निघाला जेमतेम ओंजळभर, पण काय कोवळा, काय गोड! आम्ही शेजारणी चटणी घेऊन आशेनं बसलो होतो. पोरीनं कुणाकडं पाहिलं नाही. जावई गोकुळनं हात पुढं केला, तर तिनं द्रोण पदराआड नेला. सगळा संपवून वर म्हणते, "माय, अजून भाज न!"

अजून नव्हताच. तरी झुंबरबाई हरखून गेली. "कोणाले एक दाणा देला नाही माह्या पोरीनं!" असं दुसऱ्या दिवशी ती गावभर सांगत फिरत होती.