गादीच्या दुकानातलं जहाज

मालिकेचा नवा भाग बघताना लोक कसे दचकतात, याचे व्हिडिओ निघतात हे मला फार उशिरा कळलं. एक माणूस मालिका बघत असतो, त्याच्यासमोर कॅमेरा असतो आणि आपण मालिका सोडून त्याचं तोंड बघायचं. तो कपाळाला हात लावतो, खुर्चीतून उठतो, कधी चक्क रडतो. अशी तोंडं बघायला जगभरातून लोक जमतात आणि खाली कॉमेंटांत भांडतात. मी विज्ञान शिकवणारा माणूस. दुसऱ्याला बघताना बघण्यात काय मिळत असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

मी डोंगरकड्याजवळच्या गावचा. आमच्या खानदानात बी.एस्सी. झालेला मी पहिला, आणि हे मी लाजत सांगत नाही. चुलतभावाच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांच्या रांगेत फक्त माझ्या नावापुढं पदवी छापली होती, आणि ती छापायला मीच सांगितलं होतं. आता वसमतला एका खाजगी क्लासमध्ये शिकवतो. दर शुक्रवारी दुपारी मात्र माझा क्लास नसतो. तो मी ठेवतच नाही.

कारण शुक्रवारी मालिकेचा नवा भाग येतो.

आम्ही तिघं बारावीला एका बाकावर होतो. मी पुढं शिकलो. दुसरा एसटीत कंडक्टर झाला. तिसऱ्यानं वडिलांचं गादीचं दुकान धरलं. शुक्रवारी नमाजच्या वेळेला दुकानाचं शटर अर्धं खाली येतं ते तीनपर्यंत तसंच राहतं. त्याचे वडील, म्हणजे आमचे चाचा, मशिदीतून तसेच घरी जाऊन जेवतात आणि जरा पडतात. तेवढ्या वेळात आम्ही आत, नव्या गाद्यांच्या चळतीवर पाय पसरून, उशांच्या ढिगावर माझा लॅपटॉप ठेवून मालिका बघतो. बाजूला कापूस पिंजायचं मशीन बंद असतं. तरी हवेत कापूस तरंगत असतोच, आणि पडद्यावरच्या ताऱ्यांत दोनचार तंतू आमचे पण असतात.

मालिका परदेशी, पण हिंदीत बोलणारी. एक भलंमोठं जहाज पृथ्वी सोडून निघालेलं आहे आणि पोचायला कितीतरी पिढ्या लागणार आहेत. अधूनमधून पृथ्वीवरून निरोप येतो. तो जेवणाच्या दालनात सगळ्यांना वाचून दाखवतात. कुणाच्या गावी पाऊस झाला, कुणाच्या पणतीला लेकरू झालं, असलं काहीबाही. लोक ऐकतात, डोळे पुसतात आणि कामाला लागतात. या निरोपांत काहीतरी गडबड आहे, हे सगळ्यांत आधी मला कळलं. जहाज जितकं लांब जाईल तितका निरोपाला वेळ लागायला पाहिजे. पण उत्तरं यायची भराभर. मी म्हणालो, जहाजावरचाच कुणीतरी हे निरोप बनवून राहिलाय, आणि तो म्हणजे रेडिओचा इंजिनीअर.

कंडक्टर म्हणाला, "सर, तुमचं फिजिक्स मशीनपाशीच थांबतंय."

त्याचं बोट कप्तानावर होतं. गादीवाला आधी कधी अंदाज बांधत नसे. भाग संपला की उठून चहा सांगायचा. पण गेल्या काही आठवड्यांपासून तो एकच नाव घेऊन बसला होता: जहाजावरचा धान्याचा म्हातारा रखवालदार. आम्ही त्याला कोठीवाला म्हणायचो, कारण सप्त्यात किंवा लग्नात शिध्याची कोठी सांभाळणारा असाच एक कमी बोलणारा माणूस असतो. मी विचारलं, कोठीवालाच काहून? तर म्हणाला, "जो वाढतो त्यालाच कळतं कोण जेवून न्हाई राहिलं."

हे वाक्य त्याचं नव्हतं. कुणाचं, ते मात्र तेव्हा लक्षात आलं नाही.

आमचा एक नियम होता. भाग तिघांनी मिळूनच बघायचा. कुणी अडकला तर बाकीच्यांनी थांबायचं आणि मोबाइलवर मालिकेचं काही दिसलं तर डोळे मिटून पुढं सरकायचं. पूर्वी आमच्यात चौथा एक जण होता. त्यानं एकदा आधी बघून शेवट सांगितला. दुसऱ्या शुक्रवारी त्याच्यासाठी शटर उचललं नाही. नियमात सगळ्यांत कडक कंडक्टर, आणि त्याला कारण होतं. शुक्रवारची दुपार मोकळी मिळावी म्हणून तो डेपोत हातापाया पडून ड्युटी बदलून घ्यायचा आणि बदल्यात सणावाराला औंढ्याच्या गर्दीच्या फेऱ्या करायचा. श्रावणी सोमवारी नागनाथाला जाणारी गाडी म्हणजे काय असते, हे ज्यानं ती गाडी बघितली त्यालाच ठाऊक.

आणि चाचा. चाचांना आमचा हा उद्योग मुळीच पसंत नव्हता. गिऱ्हाइकासमोर सुद्धा पोराला बोलायचे. आसमानात काय ठेवलंय, खाली खोळी शिवायच्या पडून राहिल्यात. मला तर खास वेगळं असायचं: "बी.एस्सी. झाला अन् उडत्या भांड्यातले भुतं बघून राहिला." मशीनच्या आवाजात आयुष्य गेल्यानं त्यांना ऐकायला कमी येई, म्हणून ते मोठ्यानं बोलायचे. शेजारच्या भांड्याच्या दुकानापर्यंत आमचा उद्धार ऐकू जायचा.

तर तो भाग. निरोप कोण पाठवतं हे त्यात उघड होणार, एवढं सगळ्या जगाला माहीत होतं. कंडक्टर डेपोतून थेट, खाकीतच आला होता. आम्ही बसलो.

झालं असं की तो कोठीवालाच निघाला. पृथ्वीवरून निरोप येणं कधीच बंद झालं होतं. लोक जेवेनासे झाले, एकमेकांशी बोलेनासे झाले, तेव्हा त्या म्हाताऱ्यानं स्वतःच निरोप रचायला सुरुवात केली. कुणाला काय ऐकायचंय हे त्याला ताटं वाढता वाढता कळायचं. हे सगळं त्या जहाजावरच्या एका पोरीनं पकडलं आणि भरल्या दालनात त्याच्या तोंडावर विचारलं.

कंडक्टरनं मांडीवर थाप मारली. माझ्या तोंडून काहीतरी निघालं असेल. दाद द्यायला म्हणून मी गादीवाल्याकडं वळलो, त्याचा अंदाज खरा ठरला होता ना. तर त्याचं तोंड पडद्याकडं नव्हतंच. तो आमच्याकडं बघत होता. एकदा कंडक्टरकडं, एकदा माझ्याकडं. घरात केलेला पदार्थ पाहुण्यानं तोंडात घातल्यावर आपण बघतो तसा.

मी भाग संपू दिला. मग सरळ विचारलं. मला आडून बोलता येत नाही.

"तू आधीच बघितलाय."

त्यानं हातातलं दाभण खोळीत खुपसून ठेवलं. "व्हय."

"कधी?"

"सकाळी."

"अन् याच्या आधीचे?"

तो खोळीची शिवण चाचपायला लागला. म्हणजे ते पण.

कंडक्टर चिडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात एवढंच म्हणाला की दिवाळीला मी घरी नव्हतो, का नव्हतो ते तुला माहीत आहे. मग उठून बूट घालायला गेला. गादीवाल्यानं त्याला थांबवलं नाही, आणि कारणही सांगितलं नाही. मला हेच कळेना. हा माणूस बारावीत कॉपीची चिठ्ठी सुद्धा घेत नव्हता, मास्तर बघतील म्हणून नाही, तर उगं कशाला म्हणून. अशा माणसाला दुपारपर्यंत धीर निघत नाही? आणि बघितलं तर बघितलं, चुकलं म्हणून मोकळं व्हायला काय तकलीफ होती?

तेवढ्यात शटर वर गेलं. चाचा आले. आमच्याकडं न बघता समोरच्या गल्ल्यापाशी बसले आणि पट्ट्यापट्ट्याच्या कापडाची घडी घालायला लागले. आम्ही आत, ते बाहेर, मध्ये गाद्यांची एक चळत.

कंडक्टर बुटाचा बंद ओढत म्हणाला, "त्या कोठीवाल्यासारखाच निघालास तू. तोंडावर गोड अन् आतून सगळं खोटं. त्याला जहाजाच्या बाहेर फेकायला पाहिजे होतं."

मी पण रागात होतोच. म्हणालो, खरं आहे, ज्यानं सगळ्यांना फसवलं त्याला दया कशाची.

बाहेर कापडाची घडी थांबली.

"काहून फेकायचं?" चाचा म्हणाले. मान खालीच होती. "पहिल्या खेपेला तो रेडिओचं मशीन लावून रातभर बसून राहिला ते न्हाई दिसलं का तुमाला? हात जोडून बसला होता बिचारा. निरोप आला न्हाई म्हणून मंग लिहिला त्यानं. फसवायला बसला असता तर वाट काहून बघितली असती?"

दुकानात पिंजायचं मशीन बंद असल्याचं मला त्या वेळी पहिल्यांदा जाणवलं.

कंडक्टर एका पायात बूट घालून तसाच उभा. "चाचा, तुमाला कसं माहीत?"

"आवाज येतो ना बाहेर," चाचा म्हणाले. "तुमी एवढ्या जोरात लावता."

मी गादीवाल्याकडं बघितलं. तो आता माझ्याकडं बघत होता, आणि या खेपेला त्याच्या तोंडावर विनवणी होती. कारण आजच्याच भागातल्या त्या प्रसंगात आवाज नव्हताच. कोठीवाला मशीनसमोर बसलेला, हात जोडलेले, खिडकीबाहेर तारे, आणि पूर्ण शांतता. पुढच्या-मागच्या प्रसंगांत कुणी त्याचा एका शब्दानं उल्लेख केलेला नव्हता. तो डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळणार नव्हता. वर भाग चालू असताना चाचा घरी होते, आणि एरवीही त्यांना समोरच्या गिऱ्हाइकाचं बोलणं दोनदा विचारावं लागायचं.

जो वाढतो त्यालाच कळतं कोण जेवून न्हाई राहिलं. आता वाक्य कुणाचं ते लक्षात आलं.

हे सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते गिळलं. कंडक्टरलाही उमगलं असावं. दिवसभर लोकांची तोंडं बघून कोण तिकिटाविना बसलंय ते ओळखणारा माणूस तो. त्यानं घातलेला बूट हळूच काढला, आत येऊन गादीच्या कडेला बसला आणि बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, "चाचा, मंग पुढं काय होईल म्हणता?"

चाचांनी बराच वेळ घडी घातली. मला वाटलं आता ओरडतात.

"काय व्हायचंय," ते म्हणाले. "सगळ्यांला माहीत झालं तरी उद्या त्यालाच म्हणतील, वाच बाबा निरोप. अन् ती पोरगीच पहिली म्हणंल."

एवढं बोलून ते उठले आणि मशीन सुरू केलं, म्हणजे पुढं कुणाचं काही ऐकायला नको.

नंतर मोटारसायकलवर मागं बसलेल्या गादीवाल्यानं मला सगळं सांगितलं. पावसाच्या झडीत कापूस दमट होतो, पिंजता येत नाही. त्या रिकाम्या दिवसांत तो घरी जुने भाग परत बघत होता. चाचा दारात उभे राहून बोलत होते, मग टेकले, मग बसले. तेव्हापासून शुक्रवारी सकाळची नमाज झाली की पोराला हलवायचे: लगा रे वो. आणि वर बजावलेलं, की बाहेर बोलायचं नाही. म्हणायचे, मी सगळ्या बाजारासमोर तुमाला रागावतो, लोक मला हसतील. पोरानं शब्द दिला होता. कंडक्टरची दोस्ती गेली तरी तो शब्द पाळायला निघाला होता, आणि बापालाच राहवलं नाही.

"तुला कळलं ते अब्बांना सांगू नको," तो म्हणाला.

मी म्हणालो, त्यांना कळलंय की आम्हाला कळलंय. तो म्हणाला, असू दे, पण सांगू नको.

पुढच्या शुक्रवारी नमाज झाल्यावर चाचा घरी गेले नाहीत. जेवण इथंच मागवलंय, म्हणाले, ऊन लई झालंय. आभाळ आलेलं होतं. त्यांनी एक स्टूल ओढलं, उशीची खोळ आणि दाभण घेतलं आणि आमच्याकडं अर्धी पाठ करून शिवायला बसले. कंडक्टरनं लॅपटॉप जरा फिरवला. स्टुलावरून नीट दिसेल एवढाच. मी भाग सुरू केला.

"आवाज वाढवा," चाचा म्हणाले. "मशीनीनं कान गेले माझे."

गादीवाल्यानं शटर आणखी खाली ओढलं आणि येऊन बसला. त्या दिवशी त्याचं तोंड पडद्याकडं होतं, अगदी उघडं. कित्येक आठवड्यांत आमच्यासोबत त्यानं काही पहिल्यांदा बघितलं नव्हतं.

पडद्यावर दालन भरलं. कोठीवाल्याला मध्ये उभं केलं. मी बघत होतो, पण बाजूला दाभण चालायचं थांबलं म्हणून माझी नजर वळली. चाचांची पाठ आता अर्धी पण राहिली नव्हती, ते पुरते पडद्याकडं वळले होते. दोरा ओढलेला हात हवेत तसाच, ओठ हलत होते, जणू त्या पोरीला ते शब्द सुचवत होते. एक क्षण भुवया वर गेल्या. मग सगळं तोंड सैल पडलं. काय झालं असेल ते मला त्या तोंडावरून ओळखता येतंय का, हे मी बघत राहिलो. मान काही वळेना. दाढीवर कापसाचा एक तंतू होता, तो श्वासानं हलत होता.

भाग संपला. कंडक्टर म्हणाला, "चाचाचं बराबर निघालं. अगदी तसंच. सर, आता तुमचं काय म्हणणं?"

मी म्हणालो, "मला परत बघावा लागंल. तेवढा प्रसंग हुकला."

चाचांनी दाभण खोळीत घातलं आणि आमच्याकडं पाठ केली.

"बी.एस्सी. झालं," ते म्हणाले, "अन् ध्यान कुठं असतंय याचं."