हमीदाबीनं भरलेला हात

हमीदाबी कुणालाही भेटली की आधी त्याचा पंजा हातात घेऊन दाबायची. तिसगावच्या बाजारात बायकांना बांगड्या भरण्यात तिचा जन्म गेला होता. गुडघे गेल्यावर भाच्यानं तिला नगरबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवलं, पण सवय सुटली नाही. मॅनेजरचाही पंजा तिनं पहिल्याच दिवशी दाबला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हात मऊ हाय सायबाचा, पन मूठ उघडत न्हाई. आमटी अशीच पातळ ऱ्हानार!"

माझी पत्नी सुमन तिच्या शेजारच्या खाटेवर. सुमनला डिमेन्शिया आहे. घरी ती गॅस उघडा ठेवायला लागली, म्हणून मी तिला तिथं नेलं. काच लागेल म्हणून आश्रमानं आल्या आल्या तिच्या बांगड्या उतरवल्या. तेव्हापासून ती मनगटांकडे बघून रडायची, आंघोळीला नेणाऱ्या आयांना ओरबाडायची. मग तिला गोळी देऊन निजवत, नाहीतर हात फडक्यानं खाटेला बांधत. "आजारच असा आहे, काका," मॅनेजर म्हणायचा. मी मान डोलवायचो.

हमीदाबीनं मला व्हरांड्यात गाठलं. "भाऊ, ती कुनाला रडती ठावं हाय का? तुमाला! हात रिकामा दिसला की तिला वाटतं, मालक गेला. रोज सकाळी तुमी मरताय, अन् हे लोक तिला गोळी चारत्यात."

मग तिनं आपल्या ट्रंकेतून हिरव्या बांगड्या काढल्या आणि सुमनचा पंजा हातात घेतला. "माहेर कुठलं गं, बाई?"

"राजूर."

"मंग भात लई खाल्ला असशील. वासाचा व्हता का?"

सुमन भाताबद्दल बोलत राहिली, अंगठा सैल पडला आणि बांगड्या सरकल्या. "गप्पा मारल्या की हाड मऊ हुतं," हमीदाबी म्हणाली. त्या दिवशी सुमननं मुकाट्यानं आंघोळ केली आणि मला विचारलं, "जेवलात का?" कित्येक महिन्यांनी.

काचेची धास्ती हमीदाबीलाही होती. ती रोज प्रत्येक बांगडीवरून बोट फिरवून बघायची, तडा दिसला की बदलायची.

मॅनेजरच्या नजरेस पडल्यावर त्यानं बांगड्या काढायला सांगितल्या. आयांनी हात ओढला, बांगड्या खाटेच्या दांडीवर फुटल्या, मनगटातून रक्त आलं. सुमन माझ्या नावानं हंबरडा फोडत होती आणि मी समोर उभा होतो.

मॅनेजरनं हमीदाबीच्या भाच्याला बोलावून घेतलं. "तुमच्या मावशीमुळे पेशंटचा हात कापला. यांना घेऊन जा." मग माझ्याकडे वळून, "बरोबर ना, काका?"

सुमनला दुसरीकडे कुणी घेत नव्हतं. मी खाली बघितलं.

हमीदाबी माझ्यासमोर आली. "भाऊ, जिते हाय ना तुमी? मंग बोला की!"

मी बोललो नाही. भाच्यानं तिला टेम्पोत बसवलं. पुढच्याच उन्हाळ्यात ती तिसगावला वारली.

आश्रमात नव्या लोकांना अजून सांगतात की एका बांगडीवालीनं पेशंटचा हात कापला होता. खोटं आहे. तिनं हात भरला. कापला तो आश्रमानं, आणि मी ते या डोळ्यांनी पाहिलं.

गेल्या आठवड्यात मी हिरव्या बांगड्या घेऊन गेलो. सुमनचा हात बांधलेला होता. फडकं सोडलं, तिला माहेर विचारलं. माझी बोटं अडाणी, वेळ लागला, पण बांगड्या चढल्या. मॅनेजर धावत आला. "काका, नियम आहे!"

मी फडकं त्याच्या हातात दिलं. म्हटलं, "मी जिवंत आहे. या बांगड्या उतरायच्या तर आधी मला मरावं लागेल, आणि मला तेवढी घाई नाही."