निर्मलाबाईंचे साठ किलो

प्रकाशा गावच्या निर्मलाबाई पाटील एक्कावन्न वर्षांच्या झाल्या, तेव्हा त्यांना जमिनीवरून एकटीनं उठता येत नव्हतं. हे गावाला कळलं पुतण्याच्या लग्नात. जेवणं झाली, पंगतीतल्या बाया उठल्या आणि निर्मलाबाई पत्रावळीपुढे तशाच बसलेल्या. एक हात जमिनीवर, एक शेजारणीच्या खांद्यावर, तरी जमेना. शेवटी दोघींनी बखोटीला धरून उभं केलं. मांडवात हशा पिकला. त्याही हसल्या. घरी आल्यावर मात्र पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ ओट्यावर बसून राहिल्या.

चोवीस वर्षं त्या अंगणवाडी सेविका होत्या. पोरांमध्ये खाली बसायचं काम, आणि आता त्यांना खुर्ची लागायला लागली होती. शहाद्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. "सांधे ठीक आहेत. मांड्यांत ताकद राहिलेली नाही. व्यायाम करा, पण कुणाकडून तरी शिकून करा." आणि त्यांनीच व्यायाम शिकवणाऱ्या इफ्फतचा नंबर दिला.

नवरा हिंमतराव केळीच्या बागेतून येऊन पाय धूत होता. त्याला मोठी गंमत वाटली. "तू काय आते पहेलवान व्हशी का?"

"माले खाले बठीसन उठनं शे, बस," निर्मलाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

इफ्फत त्यांच्या मुलीच्या वयाची. विद्यापीठाकडून वेटलिफ्टिंग खेळलेली. शहाद्यात एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या हॉलमध्ये ती रोज सकाळी बायकांची बॅच घ्यायची. पहिल्या दिवशी निर्मलाबाई मुलीचा जुना पंजाबी ड्रेस घालून, ओढणी दहा वेळा सावरत जिना चढल्या. भिंतीला लावलेली वजनाची लोखंडी चाकं पाहून त्या दारातच थांबल्या. इफ्फतनं त्यांना त्यातल्या एकालाही हात लावू दिला नाही. एक प्लास्टिकची खुर्ची पुढे ठेवली.

"ताई, बसा. हात छातीवर घ्या. आता उठा."

चौथ्या वेळेला पाय थरथरले. इफ्फत म्हणाली, "बस्स. आज एवढंच. गुरुवारी या."

"एवढ्यासाठी मी प्रकाशाहून आले?"

"हो. आणि गुरुवारी पण एवढ्यासाठीच यायचं. वजन मी बघते. तुम्ही फक्त येण्याचं बघा."

मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळच्या बसनं जायचं आणि अंगणवाडी उघडायच्या आत परतायचं. ज्या दिवशी व्यायाम होई, त्या दिवशी निर्मलाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक लाल टिकली चिकटवत. हळूहळू खुर्चीच्या जागी बुटकं स्टूल आलं, मग हातात पाच किलोचा डंबेल, मग रिकामा लोखंडी बार. तीन महिन्यांत घरातली पाण्याची कळशी उचलताना "आई गं" म्हणायचं राहून गेलं. ते राहून गेलं हे त्यांच्या आठवडाभरानं लक्षात आलं, आणि त्या एकट्याच स्वयंपाकघरात हसल्या.

मग सासूबाई पडल्या. दवाखाना, डबे, जागरणं, त्यात अंगणवाडीचा सर्व्हे. सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या, पण तोवर कॅलेंडरचा सबंध महिना कोरा गेला होता. आता कोणत्या तोंडानं जायचं? इफ्फतचा फोन आला की त्या मोबाइल उलटा ठेवत. हिंमतराव एकदा म्हणालाही, "जाय ना व. मॅडम का तुले खाई जाई?"

एका दुपारी अंगणवाडीच्या दारात स्कूटी थांबली. इफ्फत! निर्मलाबाईंना वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी आधीच सुरुवात केली, "मॅडम, घरी असं झालं..."

"कळलं मला. सासूबाई कशा आहेत?" इफ्फतनं चप्पल काढली आणि पोरांच्या बुटक्या बाकाकडे बोट दाखवलं. "चला, पाच वेळा."

"इथं? पोरांसमोर?"

"मग काय झालं?"

निर्मलाबाई बाकावर बसल्या, उठल्या. दोन पोरं त्यांच्याकडे बघून बसली, उठली. मग सगळीच. पंचवीस पोरं हात छातीवर घेऊन एका सुरात आकडे म्हणत उठाबशा काढू लागली, पाचनंतर थेट नऊ, नऊनंतर पुन्हा चार. निर्मलाबाईंना हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इफ्फत निघताना एवढंच म्हणाली, "ताई, खाडा सगळ्यांचा होतो. शनिवारी वाट बघते."

शनिवारी त्या गेल्या. त्यानंतरही खाडे झाले. लग्नसराईत झाले, पपईच्या तोडणीत झाले. पण लागोपाठ दोन कधी झाले नाहीत. रमजानात इफ्फत रोजा ठेवून, पाण्याचा घोट न घेता बॅच घेत होती. त्या महिन्यात निर्मलाबाईंनी एकही दिवस चुकवला नाही. "तू उपाशी येस आनि मी च्या पीसन बी येऊ नको का?" असं त्यांनी तिला सुनावलंच.

दीड वर्षानं इफ्फतनं एका रविवारी सगळ्यांच्या घरच्यांना हॉलवर बोलावलं. हिंमतराव नवी टोपी घालून आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. निर्मलाबाईंची पाळी आली. बारला दोन्हीकडून चाकं लावली. साठ किलो.

"पाठ सरळ, ताई. पायांनी जमीन ढकला."

बार क्षणभर हललाच नाही. मग जमीन सुटली. गुडघे, मांड्या, आणि निर्मलाबाई ताठ उभ्या, चेहरा लालबुंद, बार हातात. बायांनी हॉल डोक्यावर घेतला. खाली गिरणीवाला काय झालं म्हणून पट्टा बंद करून वर आला.

हिंमतराव पुढे आला. त्यानं बार वाकून पाहिला, बोटानं चाक ढकलून पाहिलं, खोटं तर नाही ना म्हणून. मग बायकोकडे बघत राहिला. "मन्हाकडून नही उचलावनार हाई," तो हळूच म्हणाला.

संध्याकाळी पारावर त्यानं हे साठ किलो किती जणांना सांगितले, आणि सांगता सांगता त्याचे सत्तर कधी झाले, हे कुणी मोजलं नाही. पण मंगळवारी सकाळी बस थांब्यावर निर्मलाबाईंची जाऊ रमिलाबाई सुनेचा ड्रेस घालून आधीच येऊन उभी होती.

"निर्मला व," तिनं कुजबुजत विचारलं, "पहिल्या दिवशी लई दुखस का?"

"दुखस ना," निर्मलाबाई म्हणाल्या आणि तिचा हात धरून बसमध्ये चढल्या.