दूध पिऊन वाजवलेला बाजा

पुढं कधीतरी एका दोस्तानं मला अमेरिकेतल्या एका काळ्या गवयाची रेकॉर्ड ऐकवली. खरखरीत गळा आणि मधे मधे माउथऑर्गन. त्याला वाटलं मी थक्क होईन. मी म्हटलं, हे मी कोल्हापुरात शेजारी बसून ऐकलंय की.

सत्तरच्या दशकात मी एका ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवायचो. माझा एक मित्र शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीवर होता, मूळचा गडहिंग्लजकडचा. गळा वाळू चाळल्यासारखा. गावाकडं मोहरमात म्हणतात ती करबलची गाणी म्हणायचा आणि दोन ओळींच्या मधे माउथऑर्गन, म्हणजे त्याचा बाजा, ओढायचा. ओढायचाच म्हणतो, कारण श्वास आत घेऊन तो सूर वाकवायचा. त्याला भट्टी सोडून आमच्यात यायचं होतं. आमचे मालक खडूस. म्हणाले, "गणपतीत एक गाणं देतो. जमलं तर ठेवतो. न्हाय जमलं तर परत तोंड दाखवायचं न्हाय."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी त्याच्या थोरल्या भावानं, तालमीतल्या पैलवानानं, त्याला म्हशींच्या कट्ट्यावर, जिथं समोर धार काढून देतात तिथं, नेलं आणि दम टिकावा म्हणून तांब्याभर धारोष्ण दूध पाजलं. आमच्याकडं परीक्षा असो की आजारपण, उपाय हाच. हे बेणं चूळही न भरता स्टेजवर आलं.

पहिली ओळ नीट गेली. दुसरीला बाज्याचे मधले दोन सूर मुके. तोंडातलं दूध आतल्या पितळी पट्ट्यांना चिकटलं होतं. मालकांनी पडदा पाडायची खूण केली. मी मात्र ठेका सोडला नाही.

त्यानं कुणाकडं बघितलंच नाही. जिथं सूर मुका, तिथं बाजा बाजूला करून तो गळ्यातून काढला. शब्द नाही, नुसता हुंकार. परत बाजा, परत गळा. थोड्या वेळानं कुठला सूर पितळेचा आणि कुठला माणसाचा, मला शेजारी बसून कळेना. आयला, काय होतं ते. तसा काटा माझ्या अंगावर परत कधी आला नाही. पडदेवाला दोरी धरून तसाच ऐकत उभा होता, शिट्ट्या मारायला आलेली पोरं पुढं सरकली होती. पैलवान टॉवेलनं डोळे पुसत होता.

गाणं संपल्यावर मालकांनी बाजा मागून घेतला, उलटा करून झटकला. दोन पांढरे थेंब पडले.

"हे काय?"

"दूध," तो मान खाली घालून म्हणाला. "भावानं पाजलं."

मालकांनी बाजा रुमालाला पुसून त्याच्या हातात दिला.

"भट्टीवर सांग, उद्यापासनं येत न्हाय म्हणून," ते म्हणाले. "आणि हिकडं येताना दूध पिऊन यायचं."