फळ्यावरची शेवटची ओळ

१९५५च्या उन्हाळ्यात कळमेश्वरच्या रस्त्यालगत एका वावरातले दगडांचे रिंगण गिट्टीसाठी फोडायला सुरुवात झाली. कमरेएवढे काळे दगड गोलात रोवलेले, मधे मातीचा उंचवटा. शेजारचे असेच एक रिंगण इतिहासाच्या एका प्राध्यापकांनी आदल्या हिवाळ्यात उकरले होते. लोखंडी कुऱ्हाड, काळी-तांबडी मडकी आणि घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे पत्रे निघाले. ते थडगे होते. दोन हजार वर्षांपूर्वीचे तरी.

वावराची मालकीण, साठीची विधवा, आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आली. दगड दंतकथेतल्या गवळी राजाचे, तुझे नाहीत, असे गिट्टीच्या ठेकेदाराने तिला ऐकवले होते. तिच्या घरचा नांगर पिढ्यान् पिढ्या रिंगणाला वळसा घालून जात होता.

"मले सांग गा," ती म्हणाली, "मेलेल्याच्या उशाचा गोटा कोणी विकते काय?"

मी बातमी लिहिली. संपादकांनी ती परत केली. दोन हजार वर्षांची शिळी बातमी कोण वाचणार, असे त्यांनी विचारले.

कचेरीबाहेर एक फळा असे. संध्याकाळच्या ठळक बातम्या त्यावर खडूने लिहायचे काम माझ्याकडे होते. अंक विकत न घेणारे तिथे उभ्याने वाचत. त्यांत बाजारातून परतणारे विणकर बरेच. मी फळ्यावर कुऱ्हाडीची बातमी लिहिली. संपादकांनी ती स्वतः पुसली. फळ्यावर आजचेच लिहायचे, असे बजावले.

"फोडणं आजच चालू आहे," मी म्हणालो आणि पुन्हा लिहिले.

मग रोज एक वस्तू: कुऱ्हाड, मडके, घोड्याचे पत्रे. त्या काय आहेत आणि कशा निघाल्या, साध्या शब्दांत. शेवटच्या ओळीत रिंगणात उरलेले दगड. तो आकडा मालकीण मोटारीच्या कंडक्टरकडून कळवी.

आठवड्याभरात फळा माझ्याकडून काढून एका सहकाऱ्याला दिला गेला. त्याने कापसाचा भाव लिहिला, दगड वगळले. एका विणकराने त्याला हटकले.

"काहून, गोटे सरले काय?"

माहीत नाही, असे सहकारी म्हणाला.

"मंग विचारून लिहा ना गा. भाव तं आम्हाले शेठबी सांगते."

सहकारी आत आला, माझ्याकडून आकडा घेतला आणि लिहिला. संपादक दारात उभे होते. त्यांनी पुसायला सांगितले नाही.

सुटीच्या दिवशी काही विणकर सायकली घेऊन वावरात गेले. मीही गेलो. कुऱ्हाड कुठे निघाली, हे प्राध्यापकांनी त्यांना शेजारच्या रिंगणात दाखवले. मग सगळे मालकिणीच्या रिंगणात येऊन न फोडलेल्या दगडांवर बसून शिदोरी खाऊ लागले. तेवढ्यात ठेकेदाराचा ट्रक आला. मुकादमाने त्यांना उठायला सांगितले. मालकीण मधे आली.

"पाहुणे जेवून राहिले. उठवाचं असन तं पहिले मले उठव."

ती एका दगडाला पाठ लावून बसली. मुकादमाने ट्रक वळवायला सांगितला. ट्रक रिकामा परत गेला.

त्या संध्याकाळी फळ्यावरची शेवटची ओळ होती: रिंगणातले दगड कालइतकेच.