वाजंत्री त्या दारावरून गेली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सांगवीला राहणाऱ्या सख्ख्या बहिणीलाही नाही. मी कामं उरकणारी बाई आहे. सकाळी यादी करते, झालं की खूण करते, पुढे जाते. हे एक काम मात्र मी कधीच यादीत घेतलं नाही — घेतलं असतं तर करावं लागलं असतं.

सुरुवात सिनेमापासून करते. तेच सोपं आहे. तुम्ही तो पाहिला असेल, निदान त्याच्यासारखा एखादा. तेलुगू, हिंदीत डब केलेला, रविवारी दुपारी हमखास लागणारा. दोन गावं, मध्ये तलाव, दोन घराणी. एका घराण्याच्या मिशा वर वळलेल्या, दुसऱ्याच्या खाली, म्हणजे कोण कोणाचा ते प्रेक्षकाला कळावं. एक माणूस दंड थोपटतो आणि तीन गाड्या हवेत उडतात. कोयते, वाळत घातलेल्या मिरच्या, ओरडणाऱ्या बायका. भांडण कशावरून सुरू झालं ते शेवटपर्यंत धड कळत नाही. मला असल्या सिनेमांचा मनस्वी तिटकारा आहे. आमच्या घरात तो इतक्या वेळा लागला आहे की आवाज बंद केला तरी मी संवाद म्हणू शकेन.

तो माझ्या सासऱ्यांसाठी लागायचा. अण्णांसाठी. बाकीचे पुरुष नुसते बघायचे नाहीत, गाड्या उडाल्या की टाळ्या पिटायचे, आणि मग बाहेर जाऊन काळ्या काचांच्या आपल्या गाडीला टेकून तसेच उभे राहायचे. आपणही त्यातलेच, असं त्यांना वाटायचं. का वाटू नये? आमच्याकडेही एकाच घराण्याच्या दोन पात्या, म्हणजे शाखा, होत्या की. तात्यांची थोरली, अण्णांची धाकटी. सख्खे चुलतभाऊ. महाळुंग्यात रस्त्याच्या या टोकाला एक घर, त्या टोकाला दुसरं, आणि मध्ये बोलणं बंद.

कशावरून? एका बांधावरून. आणि यात्रेत बैलगाडा शर्यतीच्या घाटात पहिली बैलजोडी कोणाची सुटणार यावरून. पुढे जमिनी कंपन्यांना गेल्या. तो बांध आता एका कारखान्याच्या पार्किंगखाली आहे. त्यावर रोज कामगारांच्या दुचाकी लागतात. पण भांडण जागच्या जागी. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला हे हसावं की रडावं कळेना. मी शिक्षकांच्या घरातली, नोकरी करणारी. गळ्यात सोन्याचे गोफ घालून वाढदिवसाचे फ्लेक्स लावणारी ही माणसं मला कधी माझी वाटली नाहीत. त्यांना मी मनातल्या मनात ‘मंडळी’ म्हणायचे. हे सगळं सांगते आहे ते मी काय समजत होते स्वतःला, ते कळावं म्हणून. मी त्यांच्यापेक्षा वरची आहे असं समजत होते. अजूनही पूर्ण सुटलेलं नाही ते.

नणंदेचं लग्न ठरलं आणि सगळी व्यवस्था माझ्याकडे आली. दुसरं कोण करणार होतं? मांडव दारात, लग्न तळेगाव रस्त्यावरच्या लॉनवर. जेवणाची पानं, पाहुण्यांच्या गाड्या, भटजी, फुलं, कुणाला कुठे बसवायचं, सगळं मी बसवलं होतं. माझे ऑफिसातले साहेब येणार होते. माहेरची माणसं येणार होती. एकदा तरी या घरातलं एक कार्य नीट, वेळेवर, आरडाओरडा न होता पार पडावं — एवढंच मला हवं होतं. एवढंच, असं मी तेव्हा म्हणायचे.

लग्नाच्या चार-पाच दिवस आधी अण्णांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, तात्याकडे अक्षता घेऊन जा. पुरुषांपैकी कुणी गेलं तर दारातच वाजेल. तू बाहेरून आलेली, तुझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मुलीच्या लग्नाच्या निमित्ताने त्यांना भावाशी बोलायचं होतं आणि ते सरळ म्हणता येत नव्हतं. मला ते समजलं होतं. हे लक्षात ठेवा — मला समजलं होतं.

आमच्याकडे नुसत्या अक्षता पोचवून भागत नाही. थोरल्या पातीतला वडीलधारा माणूस आपण होऊन मांडवात येत नाही. त्याला लग्नाच्या दिवशी दारात वाजंत्री पाठवून, मानाने घेऊन यावं लागतं. अक्षता घेतल्या म्हणजे वाजंत्रीची वाट बघणार. अक्षता परत केल्या म्हणजे वाजंत्री पाठवायची नाही. सगळं या दोन गोष्टींवर ठरतं.

मी गेले. ताटात अक्षता, हळदकुंकू. काकींनी — तात्यांच्या बायकोने — दार उघडलं आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. मग मला पाटावर बसवलं. अक्षता दोन्ही हातांनी घेतल्या आणि देव्हाऱ्यात ठेवल्या. माझी ओटी भरली, खण-नारळ दिला. आतून तात्या आले. उंच, वाकलेले. दोनदा मान हलवली. त्यांच्या मुलाचा उत्साह मात्र उतू जात होता. आता बघा वहिनी, म्हणाला, आपली बैलजोडी वरातीत पुढे, डीजे आपला, पोरं सगळी एका रंगाच्या फेट्यात. सगळे येतो.

मी हसून हो म्हटलं. आणि बाहेर पडले.

तुम्हाला वाटेल की खोटं असं तोंडातून निसटतं. माझं निसटलं नाही. रस्त्याने चालताना मला वरातीत बैल दिसत होते. डीजे दिसत होता. साहेबांच्या टेबलाजवळ फेटे बांधून नाचणारी ती मंडळी दिसत होती. माझ्या बहिणीचे सासरे त्यांच्याकडे कसे बघतील तेही दिसत होतं. कारखान्याच्या भिंतीपाशी मी थांबले. माझ्या लक्षात आलं की ताट रिकामं आहे. रिकामं ताट घेऊन घरी गेले तर अक्षता घेतल्या असाच अर्थ होणार. दुसऱ्या घरांसाठीच्या उरलेल्या अक्षता माझ्या पिशवीत होत्या. त्या मी ताटात ओतल्या. पदराखाली सारख्या केल्या. कंपनीत कागद जमवावेत तसा पुरावा जमवला.

अण्णा ओसरीवरच उभे होते. मी ताट पुढे केलं आणि म्हणाले, “घेतल्या नाहीत.”

बस. दोन शब्द. त्यांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. माझ्यावर शंका घ्यावी असं त्यांच्या मनातही आलं नाही. नीटनेटक्या बाईवर कोण शंका घेतं? काकींचा नारळ मी लग्नाच्या नारळांच्या ढिगात टाकून दिला. त्या घरचा नारळ आमच्या लग्नाच्या जेवणात गेला. माणसं जेवली नाहीत.

लग्नाच्या दिवशी वाजंत्री आमच्या दारातून निघाली ती लॉनकडे. वाटेत तात्यांचं घर. मी पाठीमागच्या गाडीत होते. ते ओट्यावर बसले होते. धुवट धोतर, फेटा, हातात काठी. पाठीमागे काकी, मुलगा, सून, सगळे ठेवणीतल्या कपड्यांत. वाजंत्री जवळ आली तसे तात्या उठून उभे राहिले. त्यांना घ्यायलाच आली होती ना ती, त्यांच्या समजुतीने? आमच्या मंडळींना चेव आला. अक्षता नाकारणाऱ्याच्या दारात त्यांनी मुद्दाम जोरात वाजवायला लावलं, शिट्ट्या मारल्या, आणि पुढे गेले. तात्या उभेच होते. मी गाडीची काच वर केली — धूळ येत होती.

लग्न वेळेवर लागलं. साहेबांनी व्यवस्थेचं कौतुक केलं.

त्यानंतरची गंमत अशी की माझ्या दोन शब्दांचा या लोकांनी सिनेमा केला. आधी तात्यांनी अक्षता घेतल्या नाहीत. वर्षभरात त्यांनी ताट ढकललं. पुढे कधीतरी त्यांनी लाथ मारली, अक्षता मातीत सांडल्या, आणि मी — मी म्हणे त्या वेचून, मान ताठ ठेवून परत आले. ही गोष्ट माझ्यासमोर पाहुण्यांना सांगितली जायची. मी चहाचे कप आणायचे. एकदाही म्हटलं नाही की असं झालं नव्हतं. उलट मनात म्हणायचे, काय ही माणसं, काहीही वाढवून सांगतात. ऐकलंत? मी त्यांना हसत होते.

सिनेमाच्या शेवटी लग्न असतं. दुसऱ्या घराण्याचा म्हातारा कुऱ्हाड घेऊन मांडवात शिरतो, सगळे थिजतात, आणि तो कुऱ्हाड टाकून नवरानवरीवर अक्षता टाकतो. मग ढोल, रडारड, मिठ्या. भंपक. एका रविवारी मी तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होते. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पडद्याकडे बघत ते स्वतःशीच म्हणाले, “सिनेमातला तरी आला.”

तेव्हा सांगता आलं असतं. घरात आम्ही दोघंच होतो. एक वाक्य, की तेसुद्धा आले असते अण्णा, मी येऊ दिलं नाही. मी काय म्हटलं? म्हटलं, अण्णा, रक्तदाबाची गोळी राहिली आहे. आणि पाणी आणून दिलं.

अण्णा गेल्या वर्षी गेले. तात्यांशी न बोलता.

दहाव्याला नदीवर सगळं गाव होतं. तात्याही आले, काकींना घेऊन. दहाव्याला कुणी कुणाला अडवत नाही. ते दोघं लांब, बाभळीपाशी उभे राहिले. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर बसलेले, पण खाली येईनात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण ऊन चढत होतं आणि माणसं कुजबुजायला लागली. अण्णांचं काय राहिलं? माझ्या नवऱ्याने हात जोडून सांगितलं, बहिणीला अंतर देणार नाही. नातवाचं शिक्षण पुरं करीन. बैलजोडी विकणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत.

मला माहीत होतं काय राहिलं ते. जमलेल्या सगळ्यांत मला एकटीलाच.

मग आमच्याच पातीतला माझा चुलतदीर बाळू बाभळीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, “अक्षता लाथाडल्या लोकांनी. मग कावळा कशाला शिवंल?”

बोलणं बंद असल्याने लाथेची गोष्ट त्या दोघांनी त्या क्षणी पहिल्यांदा ऐकली. काकींना कळेचना. त्या म्हणाल्या, “अक्षता? अरं, त्या तर आमच्या देव्हाऱ्यात—”

तात्यांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. आणि माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. चूक कुठे आहे ते हिशेबाच्या कागदावर सापडावं आणि बोट तिथे थांबावं, तेवढंच. त्यांना कळलं. मला कळलं की त्यांना कळलं. मी पत्रावळींच्या गठ्ठ्यापाशी उभी होते. पुढे झाले असते तर चार पावलं. तोंड उघडलं असतं तर तेच दोन शब्द उलटे म्हणायचे होते — घेतल्या होत्या.

तात्या काठी टेकत पिंडापाशी आले. चपला काढल्या. हात जोडले.

“व्हय,” ते म्हणाले. “चुकलं माझं. धाकट्या, मनात ठिवू नको.”

ज्या माणसांना मी इतकी वर्षं खालची समजत आले त्यांच्यातला एक म्हातारा, सगळ्या गावासमोर, न मारलेली लाथ स्वतःच्या नावावर घेत होता. या घरच्या सुनेचं नाव जाऊ नये म्हणून. का भाऊ सुटावा म्हणून? मला विचारता आलेलं नाही. मी त्यांच्या दारात त्यानंतर गेलेले नाही.

कावळा लगेच आला नाही. लगेच फक्त सिनेमात येतो. बऱ्याच वेळाने आला, शिवला, लोक सुटल्यासारखे उठले. बाळू म्हणाला, बघितलं, कबूल केल्यावर शिवला. माझ्या नवऱ्याने मान हलवली. काकी पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघत होत्या.

मी डब्यांची झाकणं लावत होते. आचाऱ्याने येऊन विचारलं, पंगतीला किती पानं धरायची, आणि मी त्याला नेमका आकडा सांगितला. त्यात तात्या आणि काकी धरलेले नव्हते.