अनवाणी सराव

आमच्या शिरूरला फुटबॉलची टीम आहे म्हटलं की बीडच्या कॉलेजातल्या मैत्रिणी हसायच्या. पण आहे. सिंदफणा नदीच्या कडेला मैदान आहे, दोन्ही टोकांना लोखंडी पाइपांचे गोल आहेत, आणि बसस्टँडसमोरच्या हॉटेलात सकाळ-संध्याकाळ त्या टीमवर बोलणारी माणसं आहेत. पोळा झाला की जिल्ह्याच्या मॅची सुरू होतात आणि दिवाळीच्याही पुढे चालतात. अडचण एवढीच, की मधे दसरा येतो. दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि आमची निम्मी टीम ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसून कारखान्याच्या रस्त्याला लागते. गेल्या वर्षी मागे राहिलेली पोरं दसऱ्यानंतरची एकही मॅच जिंकली नाहीत. कोचनं काम सोडलं आणि टीम चालवणाऱ्या गावच्या मंडळानं त्याच्या जागी माझ्या वडलांना बोलावलं.

आबा आश्रमशाळेत खेळाचे शिक्षक होते. उरलेला सगळा वेळ ऊसतोड मजुरांची पत्रकं लिहिण्यात गेला. घरात पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. शाळेत 'कमळ' गिरवायच्या आधी मला 'मजूर बंधू-भगिनींनो' वाचता येत होतं. त्यामुळे अन्याय दिसला की पहिल्यांदा मला कागद सुचतो.

कोच झाल्यावर आबांनी दोन गोष्टी केल्या आणि अख्खं हॉटेल पेटलं. एक, सगळ्यांना अनवाणी सराव. ज्यांच्याकडे चांगले बूट होते, त्या दुकानदारांच्या पोरांनाही. दुसरी, पोरांच्या जोड्या लावल्या. ऊसतोडीला जाणारा एक आणि गावात राहणारा एक. दोघांनी एकाच जागेवर खेळायचं, एकाच जागेचा सराव करायचा. पण जोड्या अशा अजब, की सहा फुटी बॅकच्या जोडीला मेडिकलवाल्याचा ठेंगणा पोरगा, आणि वाऱ्यासारखं पळणाऱ्याच्या जोडीला गावातला सगळ्यात निवांत.

मी कॉलेजातून बसनं उतरले की हॉटेलात चहा प्यायचे. हॉटेलवाले काका म्हणजे टीमचा आवाज. मॅचला हलगी त्यांचीच. त्या दिवशी मी बाकावर बसायच्या आतच त्यांनी सुरू केलं.

"पोरी, तुझ्या बापाचं चाललंय काय? पाटोद्याची पोरं खिळ्याचे बूट घालून येनार आन आपली अनवाणी. पायाचा भुगा व्हईल."

"सरावापुरतं आहे, काका."

"आन त्या जोड्या? मी नीट बगितल्यात." त्यांनी फडक्यानं टेबल पुसलं आणि त्यावर ओल्या बोटानं गोल काढले. "ह्यो वरच्या वस्तीचा, ह्यो पेठंतला. ह्यो ह्या गटाचा, ह्यो त्या गटाचा. परत्येक गटाचं एक पोरगं. ह्याला फुटबॉल न्हाई म्हनत, ह्याला पॅनल म्हनत्यात. सर ग्रामपंचायतीला उभं ऱ्हानार."

"शिरूरला नगरपंचायत आहे, काका."

"मग तिकडं ऱ्हातील! आपल्याला काय!"

हॉटेल हसलं. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "काका, उभं ऱ्हायले तर मत देनार का न्हाई?"

"मत दीन," काका म्हणाले. "टीम न्हाई देनार."

मग त्यांनी मला खरं ते सांगितलं. रविवारी पाटोद्याशी सरावाची मॅच होती. ती बघून संध्याकाळी मंडळ ठरवणार होतं, आबांना ठेवायचं की दुसरा कोच आणायचा. दुसरा कोच काय करणार, हेही ठरलेलं होतं. जी पोरं वर्षभर गावात राहतात, तेवढीच टीममध्ये घ्यायची. ऊसतोडीवाल्यांची नावं आधीच कापायची.

मी चहा अर्धा टाकून उठले.

घरी येऊन लिहायला बसले. आमच्याकडे कोऱ्या कागदांना तोटा नव्हता; जुन्या पत्रकांच्या मागची बाजू कोरीच असायची. 'फुटबॉलप्रेमी बंधूंनो' इथपासून सुरुवात केली. जो दसऱ्यापर्यंत तुमच्यासाठी धावतो, त्याला दसऱ्यानंतर दिसणार नाही म्हणून आजच मैदानाबाहेर काढणारे तुम्ही कोण? असं बरंच. तेव्हा लिहिलेला एकही शब्द आजही मागे घ्यावासा वाटत नाही.

आबांनी उभ्यानंच वाचलं. "चांगलं लिव्हलंय. वाटू नको."

"का?"

"ह्यात जोड्यांचं काय लिव्हलंय?"

"तेच विचारायचं होतं. जोड्या कशावरून लावल्यात?"

आबांनी कागद मला परत दिला. मग म्हणाले, "पायाच्या मापावरून."

मला कळेना. त्यांनी सांगितलं. जिल्ह्याच्या मॅचला बुटांशिवाय मैदानात घेत नाहीत. गावात राहणाऱ्यांकडे बूट होते, जाणाऱ्यांकडे नव्हते. पहिल्याच आठवड्यात मेडिकलवाल्याचा पोरगा येऊन म्हणाला होता, सर, माझे बूट त्याला बसतात, दसऱ्यापर्यंत त्याला खेळू द्या, मी नंतर खेळतो. आबांनी मग सगळ्यांचे पाय कागदावर ठेवून माप घेतलं. ज्याचा पाय ज्याच्याशी जुळला, किंवा निदान जवळ आला, ती जोडी. उंची, वेग, वस्ती, कशाचा संबंध नव्हता.

"आणि अनवाणी?"

"बूट मॅचपुरते ऱ्हावेत म्हनून. आन सरावाला निम्म्यांनी घालायचे, निम्म्यांनी बगायचे, हे मला चालत न्हाई."

"मग सांगा ना हॉटेलात! काकांचं तोंड बंद होईल."

"आन त्या पोरांचं? ज्येच्याकडं बूट न्हाईत त्येचं नाव मी चहाच्या टेबलावर ठिवू? रविवारी दिसंल ते दिसंल. आदी आपल्या तोंडून न्हाई."

मी कागद घडी करून पिशवीत टाकला. हातात उत्तर होतं आणि ते छापता येत नव्हतं. असा राग मला त्याआधी माहीत नव्हता.

रविवारी मैदानाच्या कडेला सगळं हॉटेल येऊन उभं राहिलं. पहिल्या हाफला ऊसतोडीला जाणारी पोरं खेळली. गोल झाला नाही, खाल्लाही नाही. शिट्टी वाजली आणि ती पोरं कडेला येऊन मातीत बसली. समोर आपापला जोडीदार बसला. सहा फुटी बॅकनं नाड्या सोडल्या, बूट काढले, आतला घाम बाहीनं पुसला आणि मेडिकलवाल्याच्या पोरापुढे ठेवले. सगळ्या रांगेत तेच चाललं होतं. कुणी वर बघत नव्हतं.

माझं लक्ष पोरांकडे नव्हतं, माणसांकडे होतं. एक टोमणा आला असता तरी पोरांची लाज काढायला पुरला असता. गर्दीतून एक जण म्हणालाच, "आरं, बूट तर त्येचं न्हाईतच..."

"गप बे," काका म्हणाले. मोठ्यानं नाही. आणि गळ्यातली हलगी त्यांनी वाजवायला घेतली, इतकी जोरात, की पुढं कुणाचं काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या हाफला अनवाणी पोरं रेषेवर उभी राहून आपापल्या जोडीदाराला ओरडून सांगत होती, मागं सरक, डावीकडं बघ, सोड आता. तरी आम्ही एक गोल खाल्ला. हरलो.

संध्याकाळी मंडळ बसलं ते हॉटेलातच. आबा गेले नाहीत, मी गेले. पिशवीत पत्रक होतंच, ठरवलंच होतं की नाव कापायची गोष्ट निघाली तर उभी राहून वाचायची. निघाली नाही. काका चहा गाळत होते. मला बघून त्यांनी काउंटरखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत बूट होते, फारसे न वापरलेले.

"आमच्या पोराचे. नऊ नंबर. तो काय खेळत न्हाई, नुसता मोबाईल. सरांना म्हनावं कुनाला बसतात का बगा."

"म्हणजे आबांना ठेवलं?"

"ठिवलं. पन सांग त्यांना, त्यो गोलकीपर बदला. हात न्हाईत त्येला, लाकडं हायत. आन मधी खेळनारा पोरगा सारखा घसरतोय. बूट सैल हाय त्येला, मी बगितलं."

दुसऱ्या दिवशी मैदानावर तो मधला पोरगा माझ्याकडे आला आणि बुटात घालायला कागद आहे का म्हणाला. मी पिशवीतलं पत्रक काढलं, दोन तुकडे केले, चुरगळले, आणि दोन्ही बुटांच्या चवड्यात नीट दाबून बसवले. त्यानं उभं राहून पाहिलं. एकदा टाच आपटली.

"आता बसला, ताई," तो म्हणाला, आणि सरावासाठी ते काढून ठेवायला परत खाली बसला.